भुकेच्या वेळची कारागिरी

पेट्री डिशमधली स्ट्रेप्टोमायसिसची वसाहत पहिल्यांदा पाहणाऱ्याला बुरशीच वाटते. इतर जिवाणू आगरवर ओलसर, चकचकीत ठिपके उमटवतात. हिचा पृष्ठभाग मात्र कोरडा, भुकटीचा, करडा. सुईच्या टोकानं उचलायला गेलं तर ती सहजी सुटत नाही, कारण तिचे तंतू आगरात खोलवर शिरलेले असतात. झाकण किंचित उचललं की येतो तो पहिल्या पावसाचा वास. आपण ज्याला मातीचा वास म्हणतो, त्याचा मोठा वाटा या जिवाणूंच्या जिओस्मिन या रेणूचा असतो. लिटरभर पाण्यात तो काही नॅनोग्रॅम असला तरी आपल्या नाकाला कळतो. इतक्या लहानशा जिवाला इतका दूर जाणारा वास कशाला हवा? २०२० साली त्याचं एक सुरेख उत्तर मिळालं. मातीत स्प्रिंगटेल नावाचे मिलिमीटरभराचे, सहा पायांचे जीव असतात. ते या वासावर येतात, वसाहत खातात आणि तिचे बीजाणू अंगावर व पोटात घेऊन पुढे जातात. जिओस्मिन तयार करणारी जनुकं जागी होतात तीही बीजाणू धरण्याच्या वेळीच. माल तयार झाल्याशिवाय दवंडी पिटायची नाही, हा नेमकेपणा मला फार आवडतो.

वेळेचं हे भान सुरुवातीपासून दिसतं. मातीत मेजवानी क्वचित असते, एरवी उपासमारच. एखादं पान कुजलं, एखादा किडा मेला की तंतू अन्नात घुसतात, फांद्या फोडतात आणि भराभर जाळं विणतात. अन्न संपत आलं की त्या जाळ्याचा काही भाग स्वतःला विरघळवतो. त्यातून सुटलेल्या अन्नावर नवे तंतू हवेत वर उठतात आणि त्यांच्या टोकांवर बीजाणूंच्या माळा धरतात. इथे थोडं थांबून पाहावं. ओल्या मातीतल्या इतक्या बारीक तंतूला पाण्याचा पृष्ठताण म्हणजे जवळजवळ भिंतच. ती फोडण्यासाठी जिवाणू चॅप्लिन नावाची प्रथिनं बाहेर सोडतो. ती पृष्ठताण उतरवतात आणि मग तंतूच्या अंगावरच एकमेकांत गुंतून पाणी न धरणारं आवरण बनवतात. या गुंतण्याची घडण अमिलॉइडची आहे. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांमुळे जिचं नाव आपल्याला भीतीदायक वाटतं, तीच घडण इथे रेनकोट होऊन येते.

आता प्रतिजैविकांकडे. वसाहतीचा एक भाग विरघळतो आहे, अन्न उघड्यावर पडलं आहे आणि आजूबाजूला फुकटे जिवाणू टपलेले आहेत; बहुतेक प्रतिजैविकं याच घटकेला तयार होतात. स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसमध्ये ही घटका ठरवतो ए-फॅक्टर नावाचा एक छोटा रेणू. अब्जांश मोलर इतक्या पातळ द्रावणातही तो पुरतो. एरवी आर्पा नावाचं प्रथिन एका जनुकाला दाबून बसलेलं असतं. ए-फॅक्टर आर्पाला चिकटतो, आर्पा डीएनएवरून सुटतं आणि ते जनुक मोकळं होतं. पुढची साखळी दोन वाटांनी जाते: एकीकडे हवेतले तंतू, दुसरीकडे स्ट्रेप्टोमायसिन. बीजाची तयारी आणि त्याची राखण, दोन्ही एकाच इशाऱ्यावर.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत, रटगर्समध्ये, सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ या तरुण संशोधकाच्या हाती लागलं. क्षयावर परिणामकारक ठरलेलं ते पहिलं प्रतिजैविक. १९५२ चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळालं. शाट्झ यांचं नाव त्यात नसणं मला आजही खटकतं. पण त्या जिवाणूची खरी करामत औषधाच्या बाटलीत दिसत नाही. स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूंच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर, घाव घालतं. बनवणाराही जिवाणूच, मग तो स्वतः कसा तगतो? तो हा रेणू फॉस्फेटचा एक गट लावूनच घडवतो. फॉस्फेट असेपर्यंत रेणू निरुपद्रवी राहतो. पेशीबाहेर पडल्यावर तिथलं एक विकर ते फॉस्फेट कापतं आणि मगच त्याला धार चढते. चुकून काही आत परत आलंच, तर फॉस्फेट पुन्हा चढवणारं विकर घरात हजर आहे. शस्त्र आणि म्यान यांचा आराखडा एकत्रच आखलेला आहे.

याहून विस्तृत काम पाहायचं तर अॅम्फोटेरिसिन बी पाहावं. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसच्या रुग्णांचे नातेवाईक याच नावाची चिठ्ठी घेऊन दुकानोदुकानी फिरत होते. व्हेनेझुएलात ओरिनोको नदीच्या भागातल्या मातीत सापडलेला स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस ते बनवतो. त्याचा कारखाना म्हणजे सहा प्रचंड प्रथिनं, त्यांत मिळून कामाची अठरा खाती. घडणाऱ्या रेणूची साखळी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकते आणि प्रत्येक खातं तिला दोन कार्बनांनी लांबवतं. पुढे तिच्यावरचा ऑक्सिजन तसाच ठेवायचा, त्याचा हायड्रॉक्सिल करायचा की पाणी काढून दुहेरी बंध करायचा, हे त्या खात्यात कोणती अवजारं आहेत यावर ठरतं. एका पट्ट्यात सलग सात दुहेरी बंध येतात. ती बाजू ताठ आणि तेलाशी सलगी करणारी. औषधाचा पिवळा रंगही तिचाच. समोरच्या बाजूला हायड्रॉक्सिलांची रांग, ती पाण्याशी जमवून घेणारी. बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल असतं. हा दुतोंडी रेणू त्याला गाठतो आणि पटल निकामी होतं. आपल्या पेशींत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असतं. फरक थोडाच, म्हणून औषध काम करतं, आणि थोडाच असल्यामुळे मूत्रपिंडांना त्रासही देतं. रसिकानं आणखी एक जागा टिपून ठेवावी. पाचव्या खात्यात एक जास्तीचं अवजार आहे. ते अधूनमधून चालतं आणि एक दुहेरी बंध मिटवून टाकतं. त्यातून अॅम्फोटेरिसिन ए हा जोडपदार्थ तयार होतो. इतक्या शिस्तीच्या कामात राहिलेली ही सैल गाठ पाहिली, की उत्क्रांतीचा हात अजून कामावर आहे हे जाणवतं.

या घराण्याची एक शाखा आपल्या पिंपरीतही निघाली. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीतल्या एका नव्या स्ट्रेप्टोमायसिसपासून हॅमायसिन वेगळं केलं. सात दुहेरी बंधांचंच, बुरशीवरचंच. त्या जिवाणूला नाव मिळालं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पुणे-मुंबई रस्त्यानं जाताना किती जणांना हे ठाऊक असतं!

आतापर्यंतचे रेणू ठरावीक लांबीचे होते. याच कुळातला स्ट्रेप्टोमायसिस अल्ब्युलस लायसीन या एकाच अमिनो आम्लाची माळ ओवतो, साधारण २५ ते ३५ मण्यांची. गंमत ओवण्यात आहे. प्रथिनांत लायसीन आपल्या कण्यातल्या अमिनो गटानं जोडलं जातं. इथे ते बाजूच्या लांब हाताच्या टोकानं जोडलेलं असतं. त्यामुळे प्रथिनं कापणाऱ्या नेहमीच्या विकरांना ही माळ सहज तोडता येत नाही आणि कण्यातले धनभारित गट जिवाणूंच्या ऋणभारित पटलाला भिडायला मोकळे राहतात. एकाच वेळी बहुवारिक (पॉलिमर) आणि प्रतिजैविक. १९७७ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधलं आणि जपानमध्ये आज ते अन्न टिकवण्यासाठी वापरलं जातं.

साठवणीचं बहुवारिक पाहायचं तर दुसऱ्या जिवाणूंकडे वळावं लागतं. मोरीस लमोआन्य यांनी १९२०च्या दशकात पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बॅसिलस मेगॅटेरियममधून पीएचबी, म्हणजे पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट, वेगळं केलं. मातीतलाच क्युप्रियाव्हिडस नेकेटर यात सर्वांवर ताण करतो. कार्बन मुबलक आहे पण नायट्रोजन संपला, म्हणजे वाढता येत नाही, अशा वेळी तो पीएचबीचे कण पेशीत भरत जातो. सुक्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत. कणगी भरावी तसं. साखरेचे सुटे रेणू तेवढे साठवले असते तर पाणी आत ओढलं जाऊन पेशी फुगली असती. लांब साखळी करून ठेवली की ती पाण्यातून बाहेर पडते आणि निमूट बसते. प्रत्येक कणावर फॅसिन प्रथिनांचं आवरण असतं, म्हणून कण एकमेकांत मिसळत नाहीत. नायट्रोजन आला की त्याच कणांवरची विकरं साखळी तोडू लागतात.

हे प्लास्टिक वितळवून साच्यात ओतता येतं. १९९० साली जर्मनीत त्याच्या एका भावंडाच्या शाम्पूच्या बाटल्या बाजारात आल्या होत्या. खनिज तेलाच्या प्लास्टिकपुढे किमतीत मात्र ते टिकलं नाही. शस्त्रक्रियेच्या दोऱ्यात त्याच घराण्यातलं दुसरं बहुवारिक आज वापरात आहे: जखम भरेपर्यंत ते ताण धरतं आणि मग शरीरात हळूहळू विरून जातं. पीएचबी तुटून निघणारा ३-हायड्रॉक्सिब्युटिरेट तर आपल्या रक्तातही सापडतो. निरंकार उपास लांबला की यकृत चरबीपासून तो घडवतं आणि मेंदूला पुरवतं. रेणूची उजवी-डावी ठेवणसुद्धा तीच, जी क्युप्रियाव्हिडसच्या कणात असते.