नायकाचे हात कोणाचे?

जिनात रात्रपाळीला मधे अर्धा तास सुट्टी होते. सरकीच्या ढिगाला पाठ लावून आम्ही पाचसहा जण भाकर खातो. मागच्या हंगामात एकाच्या मोबाइलवर रोज थोडाथोडा ‘शोले’ चालायचा. पाठ झालेला पिक्चर, तरी सगळे वाकून बघायचे. ठाकूरच्या अंगावरची शाल खाली पडते आणि त्याला हात नाहीत हे कळतं, तिथं आमच्यातला एक म्हातारा हमाल बोलला, “ठाकुराले हात नाहीत कोन म्हंते? हे दोघं कोन हायेत मंग?”

सगळे हसले. मी पण हसलो. पण पाळी संपवून घरी येऊन पडलो तर डोळा लागेना. माझी शाळा दहावीला सुटली. त्यानंतर जे वाचलं ते वाचनालयाच्या कृपेनं. त्यात समीक्षेची पुस्तकंही वाचली. पण त्या म्हाताऱ्यानं भाकर चावता चावता जे सांगितलं ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. म्हणून हा लेख.

मराठीत ह्या माणसासाठी फार नेमका शब्द आहे. हस्तक. डोकं दुसऱ्याचं, हात ह्याचा.

असा हस्तक तुम्ही शंभर गोष्टींत पाहिलेला आहे. नायक सज्जन असतो. खोटं बोलत नाही, पाठीमागून वार करत नाही, पडलेल्याला मारत नाही. पण गोष्ट पुढं सरकायची तर कुणाला तरी पाठीमागून वार करावाच लागतो. मग एक दुसरा माणूस येतो. धिप्पाड, कमी बोलणारा, इमानी. तो गळे दाबतो, हाडं मोडतो. नायक त्याला म्हणतो, “अरे, थांब!” पण जरा उशिरा म्हणतो. तोवर काम झालेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: नायकाचं सोवळं हे त्याच्या एकट्याच्या कमाईचं नसतं. ते दुसऱ्याच्या मळलेल्या हातांवर उभं असतं. ही कामाची वाटणी आहे, आणि असली वाटणी आपल्या बापजाद्यांनी गावात भोगलेली आहे. मेलेलं ढोर गावाचं, ओढायचं आपण, आणि ओढल्यावर विटाळ पुन्हा आपल्यालाच. हे ज्या डोक्यानं ठरवलं त्याच डोक्यानं गोष्टीही रचल्या.

आधी ‘शोले’च घेऊ. ठाकूर बलदेव सिंग पोलिसातला माणूस. कायदा त्याला पाठ. तरी गब्बरला धरायला तो दोन चोरांना पैसे देऊन गावात आणतो. जय-वीरू तसे क्रूर नाहीत. गाणी म्हणतात, प्रेम करतात. पण त्यांना आणलं कशाला, ते बघा. ठाकूरचा सूड त्यांच्या हातांनी घ्यायचा म्हणून. त्यात जय मरतो. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी स्वतः गब्बरला मारतो. म्हणजे शेवटी का होईना, तो स्वतःचं काम स्वतःच्या पायांनी करतो. पण साल १९७५, आणीबाणीचं. सेन्सॉरला हे चाललं नाही. शेवट बदलावा लागला. पोलिस ऐनवेळी येतात आणि ठाकूरला थांबवतात. सेन्सॉरनं ठाकूरचे पाय धुऊन दिले. जय मात्र मेला तो मेलाच. त्याच्यासाठी दुसरा शेवट कुणी मागितला नाही.

ही रीत सिनेमावाल्यांनी शोधलेली नाही. ती फार जुनी आहे. महाभारताच्या मराठी भाषांतराचे खंड मी एकेक करून वाचनालयातून आणले. काही पानं दोनदा वाचली, रागानं. युधिष्ठिराचं नाव धर्मराज राहिलं, कारण घरात भीम होता. जरासंधाला फाडायचं भीमानं. कीचकाचा गोळा करायचा भीमानं. दुःशासनाचं रक्त प्यायचं भीमानं. दुर्योधनाच्या मांडीवर, नियम मोडून, गदा मारायची भीमानं. धर्मराजानं काय करायचं? दुःख करायचं.

पण भीम कुंतीचा मुलगा. युद्ध संपल्यावर तो युवराज होतो. त्याच्या हातावरचं रक्त राजवाड्यात धुतलं जातं. खरी गोष्ट भीमाच्या खालची आहे. भीमाचा मुलगा घटोत्कच. आई हिडिंबा, राक्षसी. म्हणून हा पण राक्षस. पांडव वनवासात असताना डोंगर चढून थकले, तेव्हा द्रौपदीला ह्यानं आणि ह्याच्या माणसांनी पांडवांना पाठीवर वाहून नेलं. ओझ्याला हा चालला. पुढं युद्धात चौदाव्या दिवशी रात्रीही लढाई थांबली नाही, तेव्हा ह्याला पुढं केलं. कर्णाजवळ इंद्राची शक्ती होती. ती एकदाच चालणार. कर्णानं ती अर्जुनासाठी राखून ठेवलेली. घटोत्कचानं असा हाहाकार केला की कर्णाला ती त्याच्यावरच टाकावी लागली. घटोत्कच मरता मरताही अंग मोठं करून कौरवांच्या फौजेवर पडला. मरतानाही उपयोगी पडला.

पांडव रडले, हे खरं. धर्मराजही रडला, त्याला ते पाठीवरचं ओझं आठवलं. पण कृष्ण आनंदानं नाचला. आणि पुढं जे बोलला ते प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचावं. त्याच्या बोलण्याचा अर्थ असा की, कर्णानं ह्याला मारलं नसतं तर मलाच मारावं लागलं असतं, कारण हा ब्राह्मणांचा आणि यज्ञांचा द्वेष करणारा होता. त्याच दमात एकलव्याचंही नाव येतं. तोही तुमच्याच भल्यासाठी संपवला, म्हणतो.

म्हणजे हिशोब काय? तो आपल्या बाजूनं लढला तरी आपला नव्हता. काम झालं की त्याचाही काटा काढायचाच होता. शत्रूनं काढला, हे बरं झालं.

बाबासाहेबांनी जातीच्या रचनेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. गोष्टीतही तशीच उतरंड आहे. धर्मराजाचा हस्तक भीम, भीमाचा हस्तक घटोत्कच. वरच्या हस्तकाला युवराजपद, खालच्या हस्तकाला माती.

आपल्या जिल्ह्यातल्या लोणारला जाऊन बघा. आकाशातून उल्का पडून हे सरोवर झालं असं विज्ञान सांगतं. गोष्ट सांगते की लवणासुर जमिनीखाली राहायचा आणि विष्णूनं त्याला मारलं. दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ गावात उभं आहे. नावातच खून आहे. म्हणजे राक्षस विरोधात गेला तर लोणार, बाजूनं लढला तर घटोत्कच. मरण दोन्हीकडे त्याचंच.

ह्याच घटोत्कचाच्या नावाची लेणी आपल्या शेजारी आहे. आपला जिल्हा ओलांडून अजिंठ्याच्या डोंगरात गेलं की जंजाळा गावाजवळ ‘घटोत्कच लेणी’ लागते. नाव राक्षसाचं, आणि आत बुद्ध. पाचव्या शतकातला तो बौद्ध विहार. वाकाटक राजा हरिषेण, त्याचा मंत्री वराहदेव, त्याचा शिलालेख तिथं आहे. पुढं लोकांना बुद्ध विसरायला लावला, तेव्हा ‘एवढं काम राक्षसानंच केलं असेल’ असं त्यांना वाटलं असावं. मला ह्यात एक अर्थ दिसतो. महाभारतानं ज्याला वापरून टाकून दिलं, त्याचं नाव बुद्धाच्या दारावर येऊन बसलं.

कारण बुद्धाकडे पण एक घटोत्कच आला होता. अंगुलिमाल. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी ही गोष्ट मुद्दाम घेतलेली आहे. आता विचार करा, असा माणूस कृष्णाला मिळाला असता तर? कुठल्या रात्रीच्या लढाईला पाठवला असता. बुद्धानं त्याला कुणावर सोडलं नाही. त्याच्या हातातलं हत्यार खाली ठेवायला लावलं आणि त्याला भिक्खू केला. पसेनदी राजा त्याला धरायला निघाला होता, तोच त्याला संघात बसलेला पाहून चकित झाला. पुढं लोकांनी त्याला दगड मारले, ते त्यानं सोसले. गोष्ट त्याची राहिली, शेवटपर्यंत. अख्ख्या जुन्या वाङ्मयात मला हा एकच मोठा माणूस दिसला ज्याच्याकडे खुनी आला आणि त्यानं त्याचा हस्तक केला नाही.

आता अलीकडचं. ‘बाहुबली’ आला २०१५ला. मग दोन वर्षं सगळा देश एकच प्रश्न विचारत होता, कटप्पानं बाहुबलीला का मारलं? आमच्या जिनात पण पैजा लागल्या होत्या. दुसरा भाग २०१७ला आला आणि उत्तर मिळालं: कारण तो सिंहासनाचा पिढीजात गुलाम आहे आणि हुकूम झाला. देशानं उत्तर घेतलं आणि घरी गेला. पण कटप्पा गुलाम का, हे कुणी विचारलं नाही. एवढा मोठा योद्धा, आणि पहिल्या भागात बाहुबलीच्या पोराला ओळखल्यावर त्याचा पाय उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवतो. थेटरात शिट्ट्या पडल्या. मी पण वाजवली. आता लाज वाटते.

आपल्याकडच्या लेखकानं हेच काम कसं केलं, ते ‘फकिरा’त बघा. अण्णाभाऊंची ही कादंबरी १९५९ची. बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. सुरुवातीलाच राणोजी मांग शिगावची जोगणी आणायला जातो. जोगणी आली की वाटेगावची जत्रा भरणार. मान गावाचा, जीव राणोजीचा. जोगणी येते, राणोजी मारला जातो. दुसऱ्या कुठल्या लेखकानं राणोजीला दोन पानांत संपवला असता आणि पाटलाच्या वाड्यात कॅमेरा नेला असता. अण्णाभाऊ तसं करत नाहीत. ते आपल्याला राणोजीच्या घरी नेतात. म्हातारा बाप दौलती, बायको राधा, आणि लहान फकिरा. हात तुटून पडला तर तो कुणाच्या अंगाचा होता, हे ते दाखवतात. आणि मग पुढची सगळी कादंबरी त्या घरातून चालते. नायक तिथूनच निघतो. मी ह्याला मोठं लिहिणं म्हणतो.

पण दोस्तहो, प्रस्थापितांना शिव्या देऊन मोकळं होता येणार नाही. ह्या अंकासाठी आलेल्या कथा संपादकांनी मला वाचायला दिल्या होत्या. एका कथेत नायक शिकलेला, शिक्षक, व्यासपीठावर छान बोलणारा. त्याचा एक मित्र आहे, वस्तीतला दादा. नायकाच्या बहिणीची छेड काढणाऱ्या पाटलाच्या पोराला हा दादा कुऱ्हाडीनं तोडतो आणि तुरुंगात जातो. शेवटच्या पानावर नायक बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालतो. दादाला आई होती का? बायको होती का? जामीन कुणी केला? कथेला माहीत नाही. लिहिणारा आपला, वस्ती आपली, पण साचा तोच. आपण धर्मराज बदलला, घटोत्कच तसाच ठेवला.

आणि हे कागदावर राहत नाही. मी एकोणीस वर्षांचा असताना एका बंदला आम्ही पोरं रस्त्यावर उतरलो. सकाळी आमचा एक नेता चौकात बोलून गेला, “आज ताकद दाखवा.” आम्ही दाखवली. काचा फुटल्या. संध्याकाळी केस चौघांवर झाली. तारखेवर तारीख. दिवस बुडवून कोर्टात बसायचं, हजेरी कापली जायची. आमच्यातला एक जण पोलिस भरतीसाठी रोज पहाटे पळायचा. ग्राउंड काढलं, लेखी काढली, आणि चारित्र्य पडताळणीत अडकला. आता तो सेंट्रिंगच्या कामावर जातो. पुढच्या जयंतीला तोच नेता त्याच चौकात बोलला, आमचा मार्ग पहिल्यापासून शांततेचा आहे. आम्ही चौघं खाली उभे होतो. टाळ्या आम्हीच वाजवल्या.

कुणी म्हणेल, मग काय हात बांधून मार खायचा? तसं नाही. कधी हात उचलावा लागतो, हे मला वस्तीत राहून कळतं. माझा प्रश्न हात उचलण्याबद्दल नाही, हिशोबाबद्दल आहे. ज्यानं ठरवलं त्यानं सोबत उभं राहावं. ज्याचं नाव पत्रकात मोठं, त्याचं नाव केसमध्येही असावं.

महाड आठवा. २० मार्च १९२७. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी कुणाला पुढं ढकललं नाही. आधी स्वतः ओंजळ भरली. नंतर सवर्णांनी परिषदेच्या लोकांवर हल्ला केला, माणसं रक्तबंबाळ झाली. आपल्यात पलटणीतून परतलेले सैनिक होते. त्यांच्या मुठी आवळलेल्या होत्या. एका शब्दावर काहीही झालं असतं, आणि बाबासाहेब सोवळेच राहिले असते. त्यांनी तो शब्द दिला नाही. लोकांना आवरलं. ‘थांबा’ म्हणाले, आणि वेळेवर म्हणाले.

म्हणून पुढं कथा, कादंबरी, सिनेमा, भाषण, काहीही समोर आलं तर तीन प्रश्न विचारत जा. मारलं कुणी आणि फायदा कुणाला? मारणाऱ्याच्या घरी गोष्ट एकदा तरी गेली का? आणि नायक ‘थांब’ म्हणाला तो कधी म्हणाला?

त्या म्हाताऱ्या हमालाला हा लेख वाचून दाखवणार आहे. त्याला अक्षर येत नाही. पण पहिलं वाक्य त्याचंच आहे.

जय भीम.