ग्रॅहमची संख्या : आकार आणि गुणधर्म

मोठ्या संख्यांविषयी जे लेखन होते त्यात आकाराचे कौतुक फार आणि गुणधर्मांची विचारपूस थोडी, असा अनुभव वारंवार येतो. रोनाल्ड ग्रॅहम यांच्या नावाने ओळखली जाणारी संख्या हे त्याचे ठळक उदाहरण होय. मार्टिन गार्डनर यांनी १९७७ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात तिचा परिचय करून दिला. १९८० साली गिनेसच्या विक्रमग्रंथात, गंभीर गणिती सिद्धतेत वापरलेली सर्वांत मोठी संख्या म्हणून तिची नोंद झाली. तेव्हापासून, ती लिहावयास सारे विश्व अपुरे पडेल, हेच वाक्य पुनःपुन्हा वाचावयास मिळते. वाक्य खरे आहे. परंतु त्यावरून संख्येविषयी कळले काय?

तिची रचना अशी. ३↑३ म्हणजे ३ चा तिसरा घात, २७. ३↑↑३ म्हणजे ३ चा २७ वा घात, ७६,२५,५९,७४,८४,९८७. प्रत्येक नवा बाण आधीच्या क्रियेची पुनरावृत्ती करतो. ३↑↑↑↑३ ही पहिली पायरी. तेथे जी संख्या येईल तितके बाण दुसऱ्या पायरीवर दोन तिनांमध्ये घालावयाचे. अशा ६४ व्या पायरीवरील संख्या ती ग्रॅहमची. ती ३ चा घात आहे हे व्याख्येतच आले. म्हणून ती विषम आहे, ३ खेरीज तिला दुसरा मूळ अवयव नाही, आणि तीन हा पाया धरून लिहिल्यास ती १ व त्यापुढे केवळ शून्ये अशी दिसेल.

तिचे शेवटचे अंकही कागदावर काढता येतात. ३ च्या घातांचे एकम स्थानचे अंक ३, ९, ७, १ या क्रमाने फिरतात. येथे घातांक स्वतः ३ चा विषम घात असल्याने त्याला ४ ने भागता बाकी ३ उरते. म्हणून शेवटचा अंक ७. शेवटचे दोन अंक दर २० घातांनी परततात, आणि घातांकाला २० ने भागता बाकी ७ उरते. ३ चा सातवा घात २१८७, म्हणून ८७. शेवटच्या तीन अंकांचे आवर्तन १०० चे, घातांक पुन्हा ८७ वर संपणारा, म्हणून ३८७. विद्यार्थ्याने ही रीत पुढे चालवून पाहावी. दशमान पद्धतीतील पहिला अंक मात्र या मार्गाने हाती येत नाही, आणि तो आजवर कोणी काढलेला नाही.

याच्या शेजारी २ चा ६७ वा घात उणे १ ही संख्या ठेवावी. अंक अवघे २१. ती मूळ नाही हे ल्यूका यांनी १८७६ साली दाखविले. पण अवयव, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७, हाती येण्यास कोल यांचे १९०३ साल उजाडावे लागले. ग्रॅहमच्या संख्येचे अवयव पाडण्यास एक क्षण पुरतो. प्रचंडता आणि दुर्बोधता यांचे जे समीकरण लोकप्रिय लेखनात मांडले जाते, ते येथेच मोडते.

गिनेसच्या नोंदीतही एक गफलत आहे. मूळ प्रश्न असा : क्ष मितींच्या घनाची सर्व शिरोबिंदे दोन-दोन जोडून प्रत्येक रेषाखंडास दोहोंपैकी एक रंग दिला, तर एकाच प्रतलातील चार बिंदू व त्यांना जोडणारे सहाही खंड एकरंगी असणे केव्हा अटळ ठरते? ग्रॅहम व रॉथशिल्ड यांच्या १९७१ च्या निबंधातील वरची मर्यादा या प्रसिद्ध संख्येहून लहान आहे. प्रसिद्ध संख्या समजावून सांगण्यास सोपी, एवढ्यासाठी ग्रॅहम यांनी ती गार्डनर यांना सांगितली. म्हणजे विक्रम नोंदला गेला तो सिद्धतेचा नव्हे, निवेदनाच्या सोयीचा. गार्डनर यांनी स्वतः, खरे उत्तर तज्ज्ञांच्या मते बहुधा ६ असावे, हे प्रांजळपणे लिहिले होते. त्यांच्या अनुकरणकर्त्यांनी नेमके तेच गाळले. तो तर्कही टिकला नाही. खालची मर्यादा एक्सू यांनी २००३ साली ११ वर आणि बार्कले यांनी २००८ साली १३ वर नेली. वरची मर्यादा लावरोव्ह, ली व मॅकी यांनी २०१४ साली पुष्कळच खाली आणली. १३ च्या पुढे एक पाऊल टाकणे हे त्या चौसष्ट पायऱ्यांहून अवघड काम अजून शिल्लक आहे.