‘चीप थ्रिल्स’ : एका तबकडीची कीर्ती आणि तिचे ऋण

काही कलाकृतींची कीर्ती इतकी पक्की होऊन बसते की, पुढे त्या कलाकृतीकडे कोणी वळून पाहत नाही. कीर्तीलाच नमस्कार करून लोक पुढे जातात. १९६८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने काढलेल्या ‘चीप थ्रिल्स’ या ध्वनिमुद्रिकेचे असेच झाले आहे. ‘बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी’ असे लांबलचक नाव मिरवणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पाच जणांच्या ताफ्याची ही तबकडी. चार वादक आणि जेनिस जॉप्लिन ही गायिका. आठ आठवडे ही तबकडी अमेरिकेतील खपाच्या यादीत पहिली होती. पुढे तेथील काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या २०१२ च्या यादीत तिला जागा दिली. एवढा मान मिळाल्यावर टीकाकाराने काय बोलावे? मला वाटते, बोलण्याजोगे बरेच उरले आहे.

ब्लूज म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी आपले दुःख हलके करण्यासाठी रचलेले गाणे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत मनातले सांगून टाकायचे, अशी त्याची नेहमीची बांधणी. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोऱ्या तरुणांनी हे गाणे उचलले, विजेच्या गिटारीवर चढवले, त्या गिटारीतून मुद्दाम घुमारे, किंकाळ्या आणि फाटके सूर काढले. नशेत जग जसे वाकडेतिकडे व रंगीबेरंगी दिसते, तसे ते कानांना भासावे, असा हा खटाटोप. यालाच ‘सायकेडेलिक’ म्हणतात. ज्यांचे कान नाट्यसंगीतावर पोसले आहेत, त्यांना पहिल्या पाच मिनिटांत हा निव्वळ आरडाओरडा वाटेल. त्यांनी सहावे मिनिट ऐकावे, एवढीच विनंती.

या तबकडीविषयी एक मत सर्रास ऐकू येते ते असे : गायिका अलौकिक, वादक कच्चे. यात तथ्य नाही असे नाही. गिटारी अधूनमधून सुरावरून घसरतात, आणि ‘ओ, स्वीट मेरी’ हे गाणे ना धड बांधलेले, ना धड मोकळे. पण १९६८ च्या अखेरीस जेनिसने हा ताफा सोडला आणि नवे वादक जमवून १९६९ मध्ये दुसरी तबकडी काढली. तिथे साथ अधिक नीटनेटकी आहे, तरी मला तीत ती ओढ सापडत नाही. कारण उघड आहे. इथे साथीदार गायिकेला पायघड्या घालत नाहीत. ते तिच्याशी झोंबतात, आणि त्या झोंबाझोंबीतून तिचा आवाज वर उसळतो.

‘समरटाइम’ ऐकावे. जॉर्ज गर्श्विनच्या १९३५ च्या ‘पोर्गी अँड बेस’ या संगीतिकेतील हे अंगाईगीत. सुरुवातीला दोन गिटारी वेण्या घालाव्यात तशा एकमेकींत गुंफल्या जातात आणि मग जेनिसचा खरखरीत, चिरकणारा आवाज येतो. बाळाला ‘रडू नको’ म्हणणारी आई स्वतःच रडण्याच्या काठावर आहे, हे त्या आवाजाने कळते. शब्द धीर देतात आणि सूर धीर सोडतात. ही किमया एकट्या गायिकेची नव्हे. त्या गिटारींनी आधी अंधार केला नसता, तर तिचा आवाज इतका कासावीस वाटला नसता.

दुसरी समजूत अशी की, हे सारे उत्स्फूर्त आहे, प्रत्यक्ष मैफलीत टिपलेले आहे. वेष्टनावरही फिलमोर सभागृहाचे नाव घालून तसे सुचवले आहे. वस्तुस्थिती निराळी. मैफलीतले मुद्रण करून पाहिले होते, ते मनासारखे उतरले नाही. म्हणून बहुतेक गाणी स्टुडिओत ध्वनिमुद्रित करून त्यांना मागाहून श्रोत्यांचा गलका जोडला. खऱ्या मैफलीतले म्हणून सांगण्याजोगे मुख्य गाणे एकच, शेवटचे. तबकडीच्या मूळ नावात आणखी दोन शब्द होते. कंपनीने ते गाळले. आणि हा अंक फराळाच्या ताटाशेजारी मुलांसमोर उघडला जाणार असल्याने मीही कंपनीचाच कित्ता गिरवतो. २०१८ मध्ये, पन्नास वर्षांनी, त्या संपूर्ण मूळ नावाने त्या वेळची न वापरलेली मुद्रणे प्रसिद्ध झाली. एकेक गाणे या मंडळींनी किती वेळा पुन्हा पुन्हा घेतले, ते त्यांत ऐकायला मिळते.

ही फसवणूक म्हणायची काय? जोडलेला गलका ही फसवणूकच, त्याची वकिली मी करणार नाही. पण पुन्हा पुन्हा घेतलेले गाणे हा मात्र दोष नव्हे. कादंबरी लिहिणाऱ्याला ठाऊक असते की, सहज तोंडून निघाल्यासारखा वाटणारा संवाद सात वेळा खोडलेला असतो. या तबकडीचा ओबडधोबडपणा कष्टाने कमावलेला आहे. तो कमी खरा ठरत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्या दोन गाण्यांवर या तबकडीची कीर्ती मुख्यतः उभी आहे, ती दोन्ही आधी कृष्णवर्णीय स्त्रियांनी गायलेली आहेत. ‘पीस ऑफ माय हार्ट’ १९६७ मध्ये अर्मा फ्रँकलिनने गायले. अर्मा ही सुप्रसिद्ध अरिथाची बहीण. एका जीन्सच्या जाहिरातीमुळे १९९२ मध्ये, म्हणजे पाव शतकानंतर, अर्माचे ते मूळ मुद्रण ब्रिटनमध्ये गाजले. ‘बॉल अँड चेन’ तर विली मे ऊर्फ बिग मामा थॉर्नटन हिची स्वतःची रचना. जेनिस आणि तिच्या सोबत्यांनी ते तिच्याच तोंडून ऐकले, परवानगी मागितली आणि तिने दिली. थॉर्नटन १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे वारली. जेनिसच्या वाट्याला आलेल्या कीर्तीचा लहानसा हिस्साही तिला लाभला नाही.

म्हणून काही जण जेनिसला नुसती उचलेगिरी करणारी ठरवतात. मला ते अन्यायाचे वाटते. थॉर्नटनचे गाणे भारदस्त आहे. दुःख पचवलेल्या बाईचा तो ठाय आवाज. बिग ब्रदरने लय आणखी संथ केली आणि स्वररचनाच बदलली. आपल्या भाषेत सांगायचे तर शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार आणला. मग नऊ मिनिटांहून अधिक काळ जेनिस कुजबुजते, थबकते, फुटते, आणि शेवटी वाद्ये थांबली की एकटीच उघड्यावर उभी राहते. इथले दुःख अजून पचलेले नाही. ही नक्कल नव्हे, दुसरे गाणे आहे. तरीही ते थॉर्नटनच्या जोत्यावर उभे आहे, हे विसरले की आपली स्तुती खोटी होते.

रॉबर्ट क्रंबने काढलेले वेष्टनावरचे व्यंगचित्र याच प्रश्नाशी नेऊन सोडते. प्रत्येक गाण्याला एक चौकट. कल्पना फार गमतीची. पण ‘समरटाइम’च्या चौकटीत गोऱ्या बाळाला कडेवर घेतलेली कृष्णवर्णीय दाई ज्या विटंबनेने रंगवली आहे, ती पाहून हसू मावळते. जिच्या घराण्याकडून गाणे घेतले, तिलाच वेष्टनावर विदूषक केले. याचे समर्थन करू नये.

स्वतः जेनिस या बाबतीत अधिक सुजाण होती. ब्लूजची सम्राज्ञी बेसी स्मिथ १९३७ मध्ये मरण पावली. तिच्या थडग्यावर तेहतीस वर्षे नावाचा दगडही नव्हता. १९७० च्या ऑगस्टमध्ये तो बसला, आणि त्याचा खर्च जेनिसने दुसऱ्या एका बाईबरोबर वाटून उचलला. दोनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, नशेने तिचा स्वतःचा बळी घेतला. वय अवघे सत्तावीस.

ही तबकडी मी थोर मानतो. मात्र ती एकटीने ऐकण्याची नाही. आधी थॉर्नटनचे ‘बॉल अँड चेन’ ऐकावे, मग जेनिसचे. कोणी कोणाला काय दिले आणि घेणारीने त्यात स्वतःचे काय घातले, हे मग कोणा समीक्षकाने सांगावे लागणार नाही.