एस-२१ : द ख्मेर रूज किलिंग मशीन
कंबोडियातील ख्मेर रूज राजवटीत (१९७५–७९) झालेल्या नरसंहारावरील उल्लेखनीय अनुबोधपट (२००३). दिग्दर्शक रिती पान. नॉम पेन्ह येथील एका शाळेचे रूपांतर एस-२१ या छळतुरुंगात करण्यात आले होते. तेथून बचावलेल्या मोजक्या बंद्यांपैकी चित्रकार व्हान नाथ यांची पूर्वीच्या पहारेकऱ्यांशी त्याच वास्तूत गाठ घालून देण्यात आली आहे. उत्तरे देताना पहारेकरी वरिष्ठांच्या हुकुमाचा आडोसा घेतात; परंतु रिकाम्या कोठडीत, नसलेल्या कैद्यांवर ओरडत, जुना पहारा करून दाखविताना क्रौर्य त्यांच्या किती अंगवळणी पडले होते, हे उघड होते. वाणीने टाळलेली कबुली देह देतो, हे या चित्रपटाचे मर्म होय. आदेश देणारे मात्र येथे अनुपस्थित आहेत. तुरुंगप्रमुख दुच याच्या मुलाखतीवर आधारलेल्या, पान यांच्याच २०११ मधील अनुबोधपटाने ही उणीव काही अंशी भरून काढली.