२४ नंबरची खोली

विचुंब्यात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात. त्यांची नोकरी मनोरुग्णालयात झाली. गेल्या पावसाळ्यात ‘खामोशी’ मी त्यांच्या शेजारी बसून पाहिला. याआधी चारपाच वेळा पाहिला होता, प्रेमकथा म्हणून. चित्रपट निम्म्यावर आला तेव्हा बाईंनी विचारले, “हिची ड्यूटी संपते कधी?” तेव्हापासून मला हा चित्रपट वेगळा दिसू लागला.

आशुतोष मुखोपाध्याय यांच्या ‘नर्स मित्र’ या बंगाली कथेवरून असित सेन यांनी १९५९ मध्ये सुचित्रा सेनला घेऊन ‘दीप ज्वेले जाई’ काढला आणि दहाएक वर्षांनी तोच विषय वहिदा रेहमानला घेऊन हिंदीत पुन्हा केला. कथेच्या शीर्षकात नायिकेचे आडनाव आहे, हजेरीपटावर असावे तसे. हिंदी प्रेक्षकाच्या लक्षात ती ‘राधा’ म्हणून राहते. मागे राहणारी स्त्री असेच हे नाव आपल्याकडे आपोआप ऐकले जाते. डॉक्टर मात्र ‘कर्नल’, हुद्द्यासकट.

कर्नलसाहेबांचा सिद्धान्त असा, की प्रेमभंगाने वेडावलेल्या पुरुषाला प्रेमाचा आभास दिला की तो बरा होतो. तो आभास परिचारिकेने द्यायचा. फ्रॉइडच्या नावावर खपणारी ही कल्पना मुळात फ्रॉइडच्या उलट आहे. रुग्ण आपले जुने प्रेम उपचारकावर बसवतो, तेव्हा त्याला प्रतिसाद देऊ नये आणि ते दडपूही नये, असे त्याने १९१५ च्या निबंधात बजावले होते. इथे प्रतिसाद हेच औषध. त्याची मात्रा डॉक्टर ठरवतात, पण ते पोटात जाते परिचारिकेच्या. धर्मेंद्रने केलेला देव बरा होऊन निघून जातो. दुसरा रुग्ण अरुण (राजेश खन्ना) येतो तेव्हा राधा नकार देते, आणि तरी शेवटी तीच उभी राहते. तिच्या संमतीची किंमत एवढीच.

कायद्याच्या दृष्टीने तो काळ १९१२ च्या ‘लूनसी अ‍ॅक्ट’चा. रुग्णाच्या संमतीचा हक्क स्पष्ट शब्दांत यायला २०१७ चा कायदा उजाडावा लागला. परिचारिकेच्या मनाचे काय, हे कलम मला अजून सापडलेले नाही.

या गोष्टीकडे चित्रपटात एकीचेच लक्ष आहे: मेट्रन. येवल्याच्या ललिता पवार. ‘खाष्ट सासू’ म्हणून आपण त्यांना इतके पक्के बसवले की हे काम नजरेआड गेले. मेट्रन शिस्तीची आहे आणि शिस्तीतूनच तिला राधाचा ताण कळतो, कारण मुलींच्या पाळ्या तीच लावते. कर्नलला प्रयोग दिसतो. मेट्रनला थकलेली मुलगी. मला वाटते, समीक्षकांनी वहिदाच्या चेहऱ्यावर (तो चेहरा आहेच तसा, आणि कमल बोस यांचे कृष्णधवल छायाचित्रण त्यावर जीव लावते) इतके लिहिले, की ही दुसरी साक्षीदार राहून गेली.

आपल्या मराठी बोलण्यातही हेच होते. ‘ठाण्याला पाठवायला हवे’, ‘येरवड्याला खाट रिकामी आहे’ असे विनोद आपण सहज करतो. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे. पनवेलहून एका लोकलने तिथे पोचता येते. पण त्या विनोदांत वेडा असतो, डॉक्टर असतो, सिस्टर कधीच नसते. ‘देवराई’ (२००४) मध्ये हा भार रुग्णालयातून घरी येतो: शेषची बहीण सीना आपला संसार सांभाळून भावाचे आजारपण वाहते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर तिच्या दमण्याला जागा देतात, म्हणून तो चित्रपट मला अधिक प्रामाणिक वाटतो. ‘खामोशी’ दमण्याचे रूपांतर वेडात करतो. ते नाट्यमय आहे, आणि सोपेही.

तरीही शेवट मला खोटा वाटत नाही. अरुण बरा होतो आणि राधाला त्याच २४ नंबरच्या खोलीत नेले जाते. तो म्हणतो, मी वाट पाहीन. माझ्या डोळ्यांत दर वेळेप्रमाणे पाणी आले. शेजारी बाई चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, “वाट बघेल हो तो. पण आज रात्रीला हिच्याजवळ सिस्टर कोण?”

मला उत्तर देता आले नाही.