हरलेल्या सामन्याची पळती

6-7, 7-5, 5-7. ऑगस्ट 2016. रिओ ऑलिंपिक, महिला दुहेरी, पहिली फेरी. सानिया मिर्झा आणि प्रार्थना ठोंबरे चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई यांच्याकडून हरल्या. पुढच्या दोन आठवड्यांत सिंधूचं रौप्य आलं, साक्षीचं कांस्य आलं, माणदेशची ललिता बाबर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, सानिया बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीत पदकाच्या दारापर्यंत गेली. या गर्दीत तो सलामीचा सामना ‘सानिया-प्रार्थना गारद’ एवढ्यावरच मिटला. मला मात्र तो आपल्या भागातल्या मुलीने खेळलेला फार देखणा पराभव वाटतो. एखादी चांगली कविता आपण थांबून वाचतो, तसाच तोही थांबून वाचावा अशा योग्यतेचा आहे.

प्रार्थना बार्शीची. नकाशावर बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण धाराशिवकराला ती परकी कधीच वाटली नाही. भूम, परंडा, कळंबचा माल बार्शीच्या आडतीवर जातो, दुखणं बळावलं की माणसं बार्शीचा दवाखाना गाठतात, आणि लोकसभेला बार्शीकर मत देतात तेही आमच्याच मतदारसंघात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन निघालेली रेल्वे बार्शी-धाराशिवच्याच रुळांवरून गेली होती. घागरींच्या रांगा लागलेल्या त्या मुलखातली 22 वर्षांची मुलगी चार महिन्यांनी ऑलिंपिकच्या कोर्टवर उभी होती, आणि शेजारी दुहेरीतली जगातली अव्वल खेळाडू होती. प्रार्थना स्वतः तेव्हा दुहेरीच्या पहिल्या शंभरातही नव्हती. ही तफावत ध्यानात ठेवूनच पुढचे आकडे वाचायचे.

तीन सेट, आणि प्रत्येक सेटमध्ये बारा-बारा गेम. पहिला 6-6 वर अडला आणि टायब्रेकमध्ये गेला, दुसरा आणि तिसरा 7-5 असे फिरले. दुहेरीत चौघी आळीपाळीने सर्व्हिस करतात, म्हणजे बारा गेममध्ये प्रत्येकीच्या वाट्याला तीन. तीन सेट मिळून प्रार्थनाने नऊ गेम सर्व्हिस केली. सानियाने नऊ, पेंगने नऊ, झांगने नऊ. एकीवरही कमी-जास्त भार नाही. दुहेरीचा सामना इतका समसमान वाटला जाणं क्वचित घडतं.

आता सर्व्हिसभेद मोजा. पहिल्या सेटमध्ये 6-6, म्हणजे दोन्ही जोड्यांनी एकमेकींची सर्व्हिस सारख्याच वेळा भेदली. दुसऱ्यात भारताने एकदा जास्त भेदली, तिसऱ्यात चीनने एकदा जास्त. बेरीज केली तर दोन्ही बाजूंचे सर्व्हिसभेद बरोबर तेवढेच भरतात. 36 गेममध्ये तराजू कुठेच कलत नाही. चीनच्या नावावर जो एक गेम जास्त दिसतो, तो पहिल्या सेटच्या टायब्रेकचा, 8-6 असा सुटलेला. टायब्रेकमधले दोन गुण, आणि 7-5 चे दोन सेट कोणत्या क्रमाने आले एवढं सोडलं, तर या सामन्यात दोन जोड्यांना वेगळं करणारं काही सापडत नाही. खेळ चालला 2 तास 44 मिनिटं.

ही वेळ मी मुद्दाम सांगतो, कारण आम्ही खो-खो बघत वाढलेली माणसं. धाराशिव हा खो-खोचा जिल्हा. त्याच 2016 च्या फेब्रुवारीत धाराशिवच्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेचं सुवर्ण घेतलं, आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोचं गुणपत्रक ज्याने वाचलं आहे त्याला ठाऊक असतं की संरक्षण करणारी खेळाडू बाद झाली तरी तिच्या नावापुढे वेळ लिहिली जाते. अमकी 2 मिनिटं 40 सेकंद पळाली, तमकी 3 मिनिटं 10 सेकंद. बाद तर बहुतेक सगळ्याच होतात. पळती किती केली ती तिच्या खात्यावर जमा राहते, सामना हरला तरीही. दुसऱ्या दिवशी पेपर उघडून लोक ती मिनिटं मोठ्याने वाचतात. टेनिसच्या गुणफलकात असा रकानाच नाही. तिथे हरणारीच्या कष्टाची नोंद उलट्या क्रमाने छापलेल्या आकड्यांतून आपल्यालाच शोधून काढावी लागते. प्रार्थनाचा सामना मी त्या सवयीनेच वाचतो.

दुहेरीत नवख्या खेळाडूला लपायला जागा नसते. बघणाऱ्याला वाटतं, सानियासारखी जोडीदार असली की झालं, अर्धं कोर्ट तीच सांभाळेल. रॅली सुरू झाल्यावर ते थोडंफार खरंही आहे. सानियाचा फोरहँड मधला चेंडू उचलू शकतो. पण सर्व्हिस आणि सर्व्हिसचा परतावा या दोन गोष्टी कुणालाच दुसऱ्याकरता करता येत नाहीत. समोरच्या सर्व्हिसचे निम्मे गुण प्रार्थनालाच घ्यावे लागत होते, प्रत्येक गेममध्ये, शेवटपर्यंत. आणि तिच्या स्वतःच्या नऊ गेममध्ये पलीकडे पेंग उभी होती. दोन्ही बाजूंनी दोन हातांनी मारणारी, 2013 ला विम्बल्डन आणि 2014 ला फ्रेंच ओपन दुहेरी जिंकलेली, दुहेरीत पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेली. दोन हातांचा परतावा सपाट येतो, नेटकडे धावणारीच्या पायांशी पडतो, आणि तिला वाकून चेंडू वर उचलून द्यावा लागतो. त्यातून दुहेरीची जुनी रीत अशी की जिचं नाव लहान तिच्यावर चेंडू लोटायचा. एवढ्या ओझ्याखाली पहिला सेट दोन गुणांनी हरून दुसरा 7-5 ने काढणं म्हणजे काय, ते कोर्टवर उभं राहिलेल्यालाच कळेल.

एक बारीक गोष्ट आणखी. प्रार्थना वर्षभर ज्या आयटीएफ स्पर्धा खेळायची, तिथे दुहेरीत एक-एक सेट झाला की तिसरा पूर्ण सेट खेळतच नाहीत; दहा गुणांचा मोठा टायब्रेक लावून निकाल काढतात. रिओत तिसरा सेटही पूर्ण होता. रोजच्या सवयीत सामना जिथे संपायचा, तिथून पुढे तिला आणखी बारा गेम खेळायचे होते, आणि 5-5 पर्यंत ती जोडी हलली नाही.

तरुण खेळाडू हरली की आपल्याकडे लगेच ‘फॉर्म गेला’ म्हणतात. त्या दिवशी नेटच्या पलीकडे जी झांग शुआई होती, तिची गोष्ट या शब्दाला पुरून उरते. जानेवारी 2016 पर्यंत ती ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत 14 वेळा खेळली आणि चौदाही वेळा पहिल्याच सामन्यात हरली. टेनिस सोडण्याच्या विचारात ती मेलबर्नला आली, पंधराव्या खेपेला दुसऱ्या मानांकित सिमोना हालेपला हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्यानंतर सातच महिन्यांनी ती प्रार्थनासमोर होती. म्हणजे सलामीच्या पराभवाची चव त्या कोर्टवर सगळ्यात जास्त कुणी घेतली असेल, तर जिंकणाऱ्या बाजूच्या झांगने. पुढे पुन्हा तेच तिच्या नशिबी आलं: एकेरीत सलग 24 पराभव. 2024 मध्ये बीजिंगला ती साखळी तोडली तेव्हा ती क्रमवारीत 595 व्या स्थानावर घसरली होती, आणि त्याच स्पर्धेत तिने उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. फॉर्म जातो आणि येतो, यात नवल काही नाही. नवल आहे ते 24 सामने हरूनही पंचविसाव्याला नाव नोंदवण्याचं.

प्रार्थनाच्या कारकिर्दीकडे मी म्हणूनच निकालाच्या वेगळ्या टोकाने बघतो. तिचे तीन पराभव शेजारी मांडतो. 2014, इंचॉन, आशियाई स्पर्धेची उपांत्य फेरी, जोडीला सानियाच. तैपेईच्या चॅन चिन-वेई आणि शे सु-वेई यांच्याकडून 6-7, 6-2, 4-10. कांस्यपदक मिळालं, तेव्हा ती 20 वर्षांची होती. 2016, रिओ: 6-7, 7-5, 5-7. आणि फेब्रुवारी 2025, मुंबई ओपनची अंतिम फेरी, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं कोर्ट, जोडीला नेदरलँड्सची आरियान हार्टोनो: 6-7, 6-2, 7-10. दहा वर्षांत जोडीदार बदलली, वय विशीवरून तिशीला आलं, समोरच्या जोड्या तर पार वेगळ्या. पण चाल तीच. पहिला सेट टायब्रेकमध्ये निसटतो, दुसरा ती ओढून आणते, निर्णायकात कमी पडते.

टीका करणारा या तिन्हींतला शेवटचा आकडा वाचेल, आणि त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मोक्याच्या टायब्रेकमध्ये ती उणी पडली हे खरं आहे. माझं बोट मात्र मधल्या आकड्यावर थांबतं. टायब्रेकमध्ये सेट गमावण्याइतकं मनाला लागणारं टेनिसमध्ये थोडं असतं. तासभर बरोबरीने खेळून दोन-तीन गुणांत सगळं हातचं जातं, आणि दीड-दोन मिनिटांत पुन्हा पहिल्या गेमला उभं राहायचं असतं. पुष्कळ जोड्या तिथे ढेपाळतात, पुढचा सेट 2-6 ने सोडून देतात. इथे 6-2, 7-5, 6-2. तिन्ही वेळा.

मुंबईतल्या त्या पराभवानंतर दोन महिन्यांत ती पुण्याला, म्हाळुंगे-बालेवाडीत, बिली जीन किंग कपसाठी भारताच्या संघात अंकिता रैनाबरोबर दुहेरी खेळत होती, आणि त्या आठवड्यात भारताने प्ले-ऑफ गाठला.