गळालेल्यांची मोजदाद

शिक्षणाने माणसाचे आयुष्य कसे पालटले, हे सांगणाऱ्या आत्मकथनांची मराठीत वानवा नाही. झोपडी, उपास, वसतिगृहाची पातळ आमटी, पदवी आणि अखेरीस मानाचे पद, हा प्रवास गेल्या पन्नास वर्षांत आपल्या वाचकांच्या चांगल्याच परिचयाचा झाला आहे. या लेखनाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. मात्र त्याची एक मर्यादा समीक्षेने पुरेशी ध्यानात घेतलेली नाही, असे आम्हांस वाटते. ही पुस्तके जे पोहोचले त्यांनी लिहिली आहेत. महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी ट्रंक उचलून गावी परतलेला मुलगा सहसा आत्मकथन लिहीत नाही, आणि लिहिले तरी ते छापावे कोणी? परिणामी वाचकाची अशी समजूत होते की, जिद्द असली म्हणजे वाट सापडते. ज्याला ती सापडली नाही, त्याच्या ठायी जिद्दच नसावी. ही समजूत खोटी आहे, आणि घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलाला ती फार महागात पडते.

या समजुतीला छेद देणारे एक मूळ इटालियन पुस्तक मराठीत ‘प्रिय बाई’ या नावाने आले आहे. ते एका धर्मगुरूच्या शाळेत जन्मले, म्हणून आपल्या वाचकांना त्याचे अगत्य अधिक वाटावे. फादर लोरेन्झो मिलानी यांना १९५४ च्या अखेरीस फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातील बार्बियाना या आडगावी पाठविण्यात आले. शाळेने नापास करून घरी धाडलेली शेतकऱ्यांची मुले त्यांनी जमविली. त्यांपैकी आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला लिहिलेले पत्र म्हणजे हे पुस्तक. ते १९६७ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाले आणि पुढल्याच महिन्यात, वयाच्या ४४ व्या वर्षी, फादर मिलानी निवर्तले. त्यांचे आधीचे एक पुस्तक १९५८ साली रोमच्या आदेशाने विक्रीतून काढून घेण्यात आले होते. २०१७ च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस त्यांच्या कबरीपाशी प्रार्थनेसाठी गेले.

‘प्रिय बाई’चे सामर्थ्य त्यातील संतापात आहे, असे सामान्यतः म्हटले जाते. आमच्या मते ते त्यातील हिशेबात आहे. शेतकऱ्याचा जिआनी आणि डॉक्टरचा पिएरिनो ही दोन मुले या पत्रात सतत समोरासमोर उभी राहतात. पिएरिनो शाळेत येतो तोच लिहिता-वाचता होऊन. जिआनीची भाषाच शाळेला अशुद्ध वाटते. पण मुले या दोघांवर थांबत नाहीत. कोणत्या इयत्तेत किती मुले होती, पुढल्या वर्षी किती उरली, गेली ती कोणाची होती, याची त्यांनी देशभरची आकडेवारी जमविली. इटलीच्या भौतिकशास्त्र परिषदेने या कामगिरीसाठी त्यांना पारितोषिक दिले. उत्तीर्णांची यादी सर्वच शाळा लावतात. गळालेल्यांची यादी या मुलांनी लावली.

आपल्या साहित्यात या दिशेचे काही नाही, असे नव्हे. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) वाचताना, पोरका मुलगा शिकतो तेव्हा भाकरी आणि निवारा हेच त्याचे पहिले दोन विषय असतात, हे मनावर ठसते. डॉ. आंबेडकरांनी ते ओळखले होते. १९५० साली औरंगाबादेत निघालेल्या त्यांच्या महाविद्यालयाच्या परिसरात वसतिगृहांना वर्गांइतकेच स्थान मिळाले.

आता चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांकडे वळू. गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे पावणेअकरा लाख होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. त्याच वर्षी या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. या मुलुखाचे मराठीतील सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक बहुधा डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ असावे. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा, तेथील आश्रमशाळा १९७६ ची. त्या शाळेतून पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक निघाले, ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि ‘प्रकाशवाटा’ हे कार्यकर्त्याचे आत्मकथन आहे. भामरागडकडून निघून शहरातील वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या माडिया मुलीला काय वाटले, हे सांगण्याचे ओझे त्याच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. ते पुस्तक तिने लिहावयाचे आहे.

ते लिहिले जाईल तेव्हा त्यात काय असेल, याचा काहीसा अंदाज बांधता येतो. या मुलखाचे वर्ष आणि विद्यापीठाचे वर्ष एकमेकांशी जुळत नाही. मोहफुले मार्च-एप्रिलची, तेंदूपत्ता मे महिन्याचा. नेमक्या त्याच दिवसांत उन्हाळी परीक्षा. प्रवेशाची धावपळ जून-जुलैतली. तेव्हा धानाची रोवणी, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. अर्ज ऑनलाइन, गावात नेटवर्क नाही. घरी माडिया, शाळेत मराठी आणि विज्ञान शाखेला गेल्यास इंग्रजी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची परंपरा १९४४ पासूनची असली, तरी पैसे बहुधा खर्च करून झाल्यावर हाती पडतात. आधी खर्च करावयास घरात असते काय? वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६ साली स्वयंम योजना आली. २०१८ साली शासकीय वसतिगृहांतील खानावळीऐवजी खात्यात रक्कम देण्याचे ठरले, तेव्हा त्याच विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. ताटातले अन्न आणि खात्यातली रक्कम यांतील अंतर त्यांना ठाऊक होते.

याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे. एखाद्या विषयात राहून एटीकेटी लागली, तर शिकलेल्या घरात वडील चार शब्द बोलतात आणि मुलगा ऑक्टोबरच्या तयारीला लागतो. ज्याच्या घरी हा शब्दच कोणी ऐकलेला नाही, त्याला तो निकाल म्हणजे आपल्या लायकीवरचा शेवटचा शेरा वाटतो. तो कोणाला काही न विचारता निघून जातो. जिआनी आणि पिएरिनो येथेही भेटतात.

‘प्रिय बाई’तील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ज्या बाईंना पत्र लिहिले आहे, त्यांना अखेरपर्यंत बोलू दिलेले नाही. आपल्याकडे तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनात शिकविणारा प्राध्यापक पाहिला की, ते पत्र नेमके कोणाच्या नावे धाडावे असा प्रश्न पडतो. शिवाय बार्बियानाची शाळा दिवसभर, सुटीविना चाले. तिच्यामागे एका धर्मगुरूचे सर्व आयुष्य उभे होते. असा माणूस मागून मिळत नाही. मात्र मोजदाद ठेवावयास महात्मा लागत नाही. एक वही आणि एक जबाबदार माणूस पुरतो.

येथे आपल्या ख्रिस्तसभेचा संबंध येतो. चांदा येथील मिशनकार्य १९६२ साली कार्मेलाइट (सी.एम.आय.) धर्मगुरूंकडे सोपविले गेले, १९७७ साली बल्लारपूर हे पीठ असलेला धर्मप्रांत झाला. या भागातील मिशन शाळा व वसतिगृहे यांचे ऋण अनेक कुटुंबे मानतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात निर्धनांची व कौटुंबिक आधार नसलेल्यांची विशेष काळजी वाहण्यास सांगितले आहे. पण आपले वार्षिक अहवाल बहुधा दहावी-बारावीच्या टक्केवारीशी संपतात. पुढे गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षअखेर किती टिकले? जे परतले ते कोणत्या महिन्यात, आणि कशापायी: शुल्क, खोली, भाषा, की एटीकेटी? प्रत्येक वसतिगृहाने ही वही ठेवावी आणि वर्षातून एकदा सर्वांसमोर वाचावी, असे आम्ही सुचवितो. कारण कळले की उपाय फारसे दुर्मिळ नसतात: जुलैत हातउसनी रक्कम, निकालाच्या दिवशी जवळ बसणारा एखादा माजी विद्यार्थी, पहिल्या सत्रात इंग्रजीचा जादा तास.

हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त आपण मेंढपाळाच्या प्रेमाचा म्हणून ऐकतो, आणि तो तसा आहेच. पण एक कमी आहे हे त्याला कळले, कारण संध्याकाळी त्याने कळप मोजला होता. मराठी समीक्षेने आणि आपल्या संस्थांनी निदान तेवढे तरी करावे.